फेलिस्ता नाही म्हणाली

कोमल घरी येऊन बरेच दिवस झाले होते, तरी तिचं चित्त काही थाऱ्यावर येत नव्हतं. जेवायला बसली की फोन ताटाशेजारी. घास तोंडात आणि नजर फोनवर.

"जेव की गं नीट," बयाबाई म्हणायची. "तितं काय उपाशी ठिवत्यात का तुला?"

"जेवते की आई."

"फोन जेवतोय तुझा. तू कुटं जेवतीस?"

घरात रेंज धड यायची नाही. मग कोमल ताटावरून उठायची, हात धुवायची आणि पवना धरणाच्या पाण्याकडे चालू लागायची. तिथं काठावर तिच्या धाकट्या भावानं, सत्यमनं, पर्यटकांसाठी तंबू मांडले होते. त्या बाजूला रेंज असायची. एक चक्कर मारायची, फोन बघायची, परत यायची. पावट्याच्या शेतात बसलेला कोंडाजी, तिचा बाप, मान वर करून बघायचा आणि पुन्हा शेंगा तोडायला लागायचा.

वाट बघायची ती एकाच फोनची. एअर मलांबा या विमान कंपनीतला तिचा करार दरवर्षी डिसेंबर लागायच्या आत पुढं वाढायचा. यंदा डिसेंबर संपत आला तरी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मलांबा हे आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाचं नाव. पवनानगरात ते कुणाच्या लक्षात राहत नव्हतं. "कोंडाजीची पोरगी आफ्रिकेत इमानं दुरुस्त करती," एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते खोटंही नव्हतं. कोमल परवानाधारक इंजिनियर होती. विमान उतरलं की ते तपासायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं आणि ते उडवायला योग्य आहे अशी सही करायची, हे तिचं काम. तिची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे.

ती तिकडं गेली तेव्हा देशाची ही विमानसेवा लोकांच्या थट्टेचा विषय होती. पंख्यांची दोन जुनी विमानं, त्यातलं एक कायम उघडून ठेवलेलं, कारण त्याचे भाग काढून दुसऱ्याला लावायचे. हँगरला अर्धंच छप्पर. वेळापत्रकावर कुणाचा विश्वास नव्हता. प्रवासी जेवणाचे डबे आणि पांघरुणं घेऊनच विमानतळावर यायचे. कंपनीला लोकांनी नाव पाडलं होतं, 'उद्या बघू'.

मग सरकारनं कर्नल डायरा नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याला कंपनीचा प्रमुख केलं. उंच, सडपातळ, आवाज कधी न चढवणारा माणूस. त्यानं आल्या आल्या मंत्र्यांच्या नातेवाइकांचा फुकट प्रवास बंद केला. नंतर म्हणाला, "आपण सगळीकडे जायचं नाही. एकाच गावी जायचं, पण रोज आणि वेळेवर." ते गाव उत्तरेला, मोठ्या सरोवराच्या काठी. रस्त्यानं तिथं जायला दोन दिवस लागत, पावसाळ्यात तेवढ्यातही भागत नसे.

त्या पहिल्याच वर्षी एका सकाळी कोमलनं सही करायला नकार दिला होता. तेल गळत होतं आणि कुठून गळतंय ते सापडत नव्हतं. ती नवी, परदेशी, त्यात बाई. कर्नल आता काय म्हणतोय म्हणून सगळे बघत होते. कर्नल चालत प्रवाशांपाशी गेला, विमानाच्या जिन्यावर त्यांच्यासमोर बसला आणि स्वतःच्या तोंडानं म्हणाला, "आज विमान जाणार नाही. इंजिनियर नाही म्हणाली." लोक चिडले, बडबडले, घरी गेले. पण ती गोष्ट शहरभर झाली. कोमलला नंतर बाजारात अनोळखी बायका थांबवून विचारायच्या, "नाही म्हणणारी ती तूच का?"

तिथून कंपनीचे दिवस पालटले. सुकी मासळी विकणाऱ्या बायका विमानानं येऊ लागल्या, कॉलेजची पोरं, डॉक्टरकडे जाणारे म्हातारे. तिसरं विमान आलं. शेजारच्या देशांच्या राजधान्यांत जाणं सुरू झालं. हँगरचं छप्पर पुरं झालं. मग भाड्यानं पहिलं जेट आलं, त्या दिवशी शाळांना सुट्टी होती आणि विमानतळाच्या कुंपणाला माणसं लटकली होती. बँड वाजला, भाषणं झाली. कोमलला त्यातलं काही दिसलं नाही. ती चाकाच्या पोकळीत डोकं घालून एक नळी तपासत होती, आणि खालून तिला टॉर्च धरून उभी होती फेलिस्ता.

फेलिस्ता सरोवराकाठच्या गावची. आई मासळी विकायची. शिकाऊ म्हणून आली तेव्हा तिला पान्यांची नावंही माहीत नव्हती, पण प्रत्येक गोष्टीला "का?" विचारायची सवय होती. कोमलनं तिला हाताला धरून शिकवलं. रागावली, रडवलं, परीक्षांना बसवलं. फेलिस्ता तिला आधी मॅडम म्हणायची. एकदा कोमलच्या फोनवर सत्यमनं मारलेली हाक तिनं ऐकली, अर्थ विचारून घेतला, आणि त्या दिवसापासून ताई म्हणू लागली. आता जेटवर सही करायचा अधिकार कंपनीत दोघींनाच होता, कोमलला आणि फेलिस्ताला. बाकीची पोरं अजून परीक्षा देत होती.

मात्र दुसरं जेट आल्यापासून, गेल्या दोन वर्षांत, कर्नल घाईवर आला होता. राष्ट्राध्यक्षांच्या प्रत्येक भाषणात एक नवं शहर जाहीर व्हायचं आणि तिथं जायला विमान शोधावं लागायचं. तपासणीचा वेळ कापला जायचा. कोमल भांडायची. "थांबलो तर संपलो," कर्नल म्हणायचा. त्यातच सरकारचं नवं धोरण आलं : वरच्या जागा आपल्याच माणसांना द्यायच्या. कोमलला ते पटत होतं. ही पोरं तिनंच तर घडवली होती. पण पटणं वेगळं आणि करार न येणं वेगळं. घरी आल्यापासून तिला जे बसू देत नव्हतं, ते हेच.

आणि नेमक्या त्याच दिवसांत एअर मलांबा पहिल्यांदा मुंबईला येणार होती. विमानात मंत्री, व्यापारी, पत्रकार, आणि सोबत इंजिनियर म्हणून फेलिस्ता.

"विमानतळावर या ना ताई," फेलिस्तानं आदल्या आठवड्यात फोनवर म्हटलं होतं. "काचेतून तरी दिसाल."

"रविवार आहे. लोणावळ्यात गाड्या तुंबतात," कोमल म्हणाली. खरं तर फुलांचे हार घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांच्या मागं उभं राहून स्वतःचं विमान लांबून बघायचं, हे तिला जमणार नव्हतं.

रविवारी सकाळी ती उठली तीच पाण्याकडे गेली. तंबूंतले पर्यटक पोह्यांच्या ताटल्या घेऊन फिरत होते, कुणी स्पीकर लावला होता. कोमल एका खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली.

"ताई, बस की एका जागी," सत्यम म्हणाला. "गिऱ्हाइकं बघाय लागल्यात."

तेवढ्यात फोटो आला. मुंबई विमानतळावर उभं असलेलं विमान, शेपटीवर मलांबाचा निळा बगळा. कोमलनं तो मोठा करून पाहिला. टायर पाहिले, इंजिनाची तोंडं पाहिली. मग सत्यमला दाखवला. तो म्हणाला, "भारीच दिसतंय की!" तिला वाटलं, गेली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं फेलिस्ताचा फोन आला. आवाजावरूनच कोमल उभी राहिली.

"ताई, उतरताना डाव्या इंजिनाचा थरथराट एकदम वाढला. मर्यादेच्या वर गेला. क्षणभरच. मग खाली आला आणि परत वाढला नाही."

"पाती बघितलीस?"

"प्रत्येक. हात फिरवून बघितलं. बाहेरून काही नाही. पक्षी आदळल्याचीही खूण नाही."

"आलेख पाठव."

आलेख आला. कोमलनं पाहिला. एकच टोक, सुईसारखं, मागं-पुढं सगळं सपाट. असलं तिनं दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा सेन्सरची वायर ढिली निघाली होती.

"मला सेन्सर वाटतोय," ती म्हणाली.

"मलाही तेच वाटतंय," फेलिस्ता म्हणाली. "पण आत काय झालंय ते मी बघितलेलं नाही. आत कॅमेरा घालून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. इथल्या एका दुरुस्ती कंपनीकडे कॅमेरा आहे, पण त्यांचा माणूस उद्या सकाळी मोकळा होईल."

"मंत्र्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते माझ्याकडे बघून हसले. मग त्यांनी फोन लावला."

विमान दुपारी परत निघायचं होतं. संध्याकाळी राजधानीत स्वागत होतं. राष्ट्राध्यक्ष स्वतः येणार होते, टीव्हीवर सगळा देश बघणार होता. कोमलला हे सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. पुढचा फोन कुणाचा येणार हेही तिला कळून चुकलं होतं.

कर्नलनं नेहमीप्रमाणे शांतपणे सुरुवात केली. "कोमल, तू किती लांब आहेस?"

"रस्ता मोकळा असेल तर अडीच-तीन तास."

"निघ. आत सोडण्याची व्यवस्था झालेली आहे. तुझा अधिकार महिनाअखेरपर्यंत आहे. विमान बघ आणि सही कर."

"फेलिस्ता तिथं आहे, सर."

"फेलिस्ता पोर आहे. घाबरली आहे. तू आलेख बघितलास, तुला काय वाटतं?"

कोमल खोटं बोलली नाही. "सेन्सर असावा."

"मग झालं तर." आणि त्याच दमात तो म्हणाला, "तुझ्या कराराचं राहून गेलं होतं. विभागाची प्रमुख म्हणून परत ये. कागद उद्याच तयार होतील."

इतके दिवस ज्या फोनसाठी ती जेवणावरून उठत होती, तो हा असा आला. कोमलनं सत्यमला हाक मारली. "गाडी काढ. मुंबईला जायचंय."

घरावरून जाताना तिनं बयाबाईला फक्त ओरडून सांगितलं. बयाबाई दारात पिठाच्या हातानं उभी होती. "आगं जेवून तरी जा!" गाडी वळणापलीकडे गेलीही.

दुधिवऱ्याच्या खिंडीपर्यंत रस्ता मोकळा मिळाला. कोमल खिडकीबाहेर बघत नव्हती. ती मनातल्या मनात इंजिन उघडत होती. आधी सेन्सरची जोडणी बघायची, मग इंजिन चालू करून थरथराट मोजायचा. स्थिर राहिला तर नियमाप्रमाणे सही करता येत होती. नियम तसा होता. फेलिस्तालाही तो माहीत होता. नियम करता येतं म्हणत होता, करायलाच हवं असं म्हणत नव्हता. पुढचं इंजिनियरवर सोडलेलं होतं.

लोणावळ्यात शिरले आणि गाडी थांबली. पुढं मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग, बाजूनं दुचाक्या, मधूनच एखादा घोडेवाला. चिक्कीच्या दुकानांपुढं माणसांची झुंबड. सत्यमनं हॉर्न वाजवला, मग कंटाळून वाजवायचा थांबला.

"लय दिवसांनी एवढी गर्दी बघतोय," तो म्हणाला. "हायवेला लागलो की सुटंल."

कोमलनं फेलिस्ताला फोन लावला. "मी येतेय."

विमानतळावरचा घोंगावता आवाज तिकडून ऐकू येत होता.

"कुणी सांगितलं?"

"कर्नलनी."

"बघायला येताय, की सही करायला?"

एक कुटुंब चिक्कीच्या पिशव्या घेऊन त्यांच्या गाडीला अगदी घासून गेलं.

"ताई, तुम्ही आलात तर मी बाजूला होईन," फेलिस्ता म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "तुम्ही माझ्या गुरू आहात, तुमच्यासमोर मी उभी राहणार नाही. पण मग इथून पुढं मला विचारायचं कशाला? मी नाही म्हटलं की ते तुम्हाला फोन करतील. तुम्ही नसलात तर आणखी कुणाला तरी करतील."

"तुला भीती वाटतेय का?"

"वाटतेय. मंत्री समोर बसलेत. पण इंजिनाच्या बाबतीत भीतीनं नाही म्हणत मी. बघितलं नाही म्हणून नाही म्हणतेय."

फोन ठेवून कोमल गाडीतून उतरली.

"आगं, कुटं चाललीस?" सत्यम ओरडला.

ती रांगेतल्या गाड्यांमधून पुढं चालत गेली, एका हॉटेलच्या पाटीपाशी थांबली, मागं वळली, पुन्हा पुढं गेली. जावंसं वाटत होतं, फार जावंसं वाटत होतं. इंजिनाचं झाकण उघडायचं, ढिली वायर बोटांनी पकडायची आणि सगळ्यांना दाखवायची. मंत्री हात मिळवतील. संध्याकाळी विमान बँडच्या आवाजात उतरेल. ती प्रमुख होईल. यातलं काहीही खोटं किंवा बेकायदा नव्हतं, आणि त्यामुळेच तिला सुटका मिळत नव्हती.

पण ज्या बाईनं विमान हातानं तपासलं होतं ती नाही म्हणत होती, आणि हो म्हणायला निघालेल्या बाईनं अजून विमानाला हातही लावला नव्हता. सही करायचं तिचं रविवारच्या गर्दीतच ठरून गेलं होतं, विमान बघायच्या आधी. हे ध्यानात आलं तशी ती जागीच थांबली.

तिनं कर्नलला फोन लावला.

"सर, मी लोणावळ्यातून परत फिरतेय."

"गर्दी आहे का? दुसरी गाडी पाठवतो."

"गर्दी नाही. फेलिस्ता नाही म्हणाली आहे. मी येऊन हो म्हणणार नाही."

"तूच म्हणालीस सेन्सर आहे."

"वाटतंय म्हणाले." तिनं श्वास घेतला. "तुम्हाला आठवतं सर, मी पहिल्या वर्षी नाही म्हटलं तेव्हा तुम्ही जिन्यावर बसून लोकांना सांगितलं होतं?"

"तेव्हा माझ्याकडे दोन विमानं होती, कोमल. हरवण्यासारखं काही नव्हतं. आज सगळा देश माझ्याकडे बघतोय." त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू आज आली नाहीस तर इथंही परत येऊ नकोस."

"बरं," कोमल म्हणाली. आणि तिनं फोन ठेवला.

पुढच्या गाड्या हलल्या होत्या. सत्यम खिडकीतून डोकं बाहेर काढून हाका मारत होता, मागचे हॉर्न वाजवत होते. "ताई, सुटलं! बस लवकर!"

ती बसली. "मागं वळव."

"आँ?"

"घरी जायचंय."

सत्यमनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि गिअर टाकला. वळायला जागा मिळेपर्यंत त्यांना बरंच पुढं जावं लागलं.

तो सगळा दिवस कोमलनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. दुपारी शेतात बापाशेजारी बसून शेंगा तोडल्या, अर्ध्या कोवळ्याच तोडल्या. कोंडाजीनं टोपलीत बघितलं आणि कोवळ्या वेगळ्या काढत बसला. विमान थांबलं असं फेलिस्ताचा एका ओळीचा निरोप आला. मंत्री दुसऱ्या एका कंपनीच्या विमानानं, आखातातून फिरून निघाले. स्वागताचा मांडव रिकामाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत फोन आला.

"आत काही नाही ताई. एकही ओरखडा नाही," फेलिस्ता म्हणाली. "सेन्सरची वायर ढिली होती. बसवली. सही केली. आता विमान निघतंय."

कोमल तंबूंपाशी उभी होती. तिनं "छान" म्हटलं, आणखी एकदोन गोष्टी विचारल्या, फोन ठेवला आणि तिथंच काठावर बसून रडू लागली. बयाबाई धुणं घेऊन आली होती. तिनं पाटी खाली ठेवली.

"काय निगालं इमानात?"

"काय न्हाई. मी म्हणत होते तेच. वायर."

"मंजी त्या पोरीचं चुकलं?"

"न्हाई."

"मग तुजं?"

"न्हाई आई."

"मग रडतीस कशापायी?"

कोमलनं डोळे पुसले. "आज मी बरोबर निघाले, आई. आणि नोकरी गेली."

बयाबाई तिच्याजवळ बसली. लेकीची नोकरी गेली म्हणून तिला वाईट वाटावं की लेक घरी राहील म्हणून बरं वाटावं, हे तिला समजेना. ती नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हात ओला होता.

महिना संपला, करार संपला. मलांबाच्या वर्तमानपत्रांत आठवडाभर थट्टा चालली, एका व्यंगचित्रात निळा बगळा कुबड्या घेऊन उभा होता. 'उद्या बघू' हे जुनं नाव पुन्हा निघालं. कर्नलला फेलिस्ताला काढायचं होतं. पण कोमल गेल्यावर जेटवर सही करणारी ती एकटीच उरली होती. ती नसेल तर दोन्ही जेट जमिनीवर. परदेशातून माणूस आणायला वेळ लागणार होता, तोवर तिला ठेवणं भाग होतं. आणि तेवढ्या दिवसांत विमानं जात राहिली, येत राहिली. फेलिस्ता आणखी एकदा नाही म्हणाली. त्या वेळी ब्रेकमध्ये खरोखरच बिघाड निघाला. परदेशी माणसाचा विषय मग कर्नलनं पुन्हा काढला नाही.

कोमलला हे सगळं तुकड्या-तुकड्यानं कळत होतं. ती अर्ज करत होती, मुलाखती देत होती, सत्यमच्या तंबूंची वायरिंग पुन्हा पुन्हा तपासत होती. एकदा पाण्याचा पंप पूर्ण उघडून तिनं पुन्हा जोडला. तो बिघडलेला नव्हता. नागपूरच्या एका मोठ्या दुरुस्ती केंद्रातून बोलावणं आलं : शेकडो इंजिनियर, पक्की नोकरी. घरचे खूश झाले. तिनं कळवते म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही.

मार्चमध्ये मुंबईचं विमान आठवड्यातून तीनदा येऊ लागलं. त्यातल्या एका फेरीत फेलिस्ताला दोन दिवस मुक्काम मिळाला आणि ती रेल्वेनं लोणावळ्याला उतरली. कोमल मोटारसायकल घेऊन स्टेशनाबाहेर थांबली होती. दोघी एकमेकींना मिठी मारून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, रिक्षावाले बघत राहिले.

पवनानगरातून मासे घेतले. घरी बयाबाई ते साफ करायला बसली, तर फेलिस्तानं विळी आपल्याकडे ओढली. बयाबाई नको-नको म्हणेपर्यंत तिनं अर्धे साफ केलेही होते. "आगं, हिला तर लय येतंय!" बयाबाई हरखून म्हणाली. मग दोघी दोन भाषांत बोलत राहिल्या, आणि मध्ये कोमलची कुणालाच गरज पडली नाही.

संध्याकाळी पाण्याकाठी बसल्यावर कोमलनं विचारलं, "कर्नल काय म्हणतात?"

"निघताना म्हणाले, कोमलला सांग... आणि थांबले. मग टायरांच्या ऑर्डरचं विचारू लागले."

कोमल हसली. मग तिनं इतके दिवस गिळलेला प्रश्न विचारला. "माझ्यासाठी तिकडं जागा निघेल का?"

फेलिस्तानं हातातलं गवत तोडून टाकलं. हे विचारलं जाणार हे तिला ठाऊक होतं, आणि वाटेत तिनं उत्तरही जमवून आणलं असावं, पण आता ते तोंडातून बाहेर येताना तिला जड जात होतं.

"तिघांच्या परीक्षा झाल्या ताई. तिघंही पास झाले. तिसरं जेट आलं तरी आमचं आम्हाला पुरेल. मी प्रमुख झालेय मागच्या महिन्यात. यंदा बाहेरून माणूस मागवायचा नाही, हे मीच ठरवलंय."

कोमलला आधी कान गरम झाल्यासारखे वाटले. तिनं पाण्याकडे बघितलं. पलीकडच्या तंबूंत दिवे लागत होते.

"कोण कोण पास झालं?" तिनं विचारलं.

फेलिस्तानं नावं सांगितली. तिन्ही पोरं कोमलच्या हाताखालून गेलेली. त्यातल्या एकाला तिनं दोनदा हँगरबाहेर काढलं होतं.

"तोसुद्धा?"

"तोच पहिला आला."

दोघी मोठ्यानं हसल्या. हसता हसता कोमलच्या डोळ्यांत पाणी आलं, फेलिस्ताच्याही.

फेलिस्ता गेल्यावर कोमलनं एक फोन केला. हिंदी महासागरातल्या एका बेटांच्या देशातून आलेलं दुसरं बोलावणं तिच्याकडे पडून होतं. नागपूरला तिनं नम्रपणे नाही कळवलं आणि तिकडं हो.

बापाला सांगायला ती शेतात गेली. कोंडाजी कांद्याला पाणी देत होता.

"आबा, मी जाणार हाय परत. आफ्रिकेत न्हाई. दुसरीकडं."

कोंडाजीनं फावडं टेकवलं. "तुला हितं करमत न्हाई, ते मला दिसतंय कवाचं. आईला सांगितलं का?"

"न्हाई अजून."

"मी सांगीन." मग त्यानं विचारलं, "मोठी कंपनी हाय व्हय?"

"न्हाई. लय बारकी. तीनच इमानं. तिन्ही पाण्यावर उतरत्यात."

"पाण्यावर?"

"व्हय. चाकांच्या जागी होड्या असत्यात त्यांना. धावपट्टी लागत न्हाई."

कोंडाजीनं वळून धरणाच्या पाण्याकडं बघितलं. उन्हात ते पार तुंग किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं होतं. बराच वेळ तो डोळ्यांवर हात धरून अंदाज घेत होता.

"मंजी हितं बी उतरल की गं," तो म्हणाला.

"उतरल की."

"त्या तंबूवाल्यांना बाजूला सरकावं लागंल पण."

"सत्यमला सांगा तुमी," कोमल म्हणाली आणि सरी भरली होती म्हणून तिनं फावडं त्याच्या हातातून घेऊन पाणी पुढच्या वाफ्याला वळवलं.